वाफसा टिकवणारी जमीन: सोलापूरच्या रानात पिकाची प्रत कशी ठरते आणि ती सुधारायची कशी

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही घरची सगळी माणसं रानात जेवायला बसतो, ओढ्याकडच्या बाभळीखाली. तिथून सगळं रान एका नजरेत येतं. वर मुरमाड माळ, मधे करड्या मातीचा पट्टा, खाली ओढ्यालगत काळी. आमचं रान मोहोळ तालुक्यात. एके वर्षी तिन्ही पट्ट्यांत एकाच पोत्यातलं मालदांडीचं बी एकाच आठवड्यात पेरलं होतं. येळवशीला वरची ज्वारी जेमतेम कमरेला लागत होती आणि तिची पानं दुपारची गुंडाळलेली. मधली निसवत होती, म्हणजे कणसं बाहेर पडत होती. खालची डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार. बी एक, पाऊस एक, खत एक. फरक फक्त पायाखालचा.

पुढे मळणी झाली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. माळावरचा दाणा बारीक आणि सुरकुतलेला, मधल्या पट्ट्यातला बरा, आणि काळीतला टपोरा, मोत्यासारखा. आईनं तिन्हींचं पीठ वेगवेगळं दळून आणलं. माळावरच्या ज्वारीची भाकरी थापतानाच कडेला चिरत होती. त्या दिवसापासून मी जमिनीकडे उत्पन्नाबरोबर प्रतीच्या हिशोबानंही बघायला लागलो.

या लेखात मी जे सांगणार आहे ते सगळं एका शब्दाभोवती फिरतं: वाफसा. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. मुळांना श्वासाला हवा लागते, अन्न विरघळायला पाणी लागतं. दोन्हींपैकी एक गेलं की मूळ काम थांबवतं, मग वर तुम्ही कितीही खत टाका. सोलापुरात पाऊस कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि माती अशी की ओली झाली तर चिखल, वाळली तर फूटभर भेगा. म्हणून इथं नांगरट, पाभर (पेरणीचं औत), कोळपं (ओळींमधली माती हलवायचं औत), ठिबक, आच्छादन, चर या प्रत्येक कामाकडे मी एकाच प्रश्नानं बघतो: यानं वाफसा किती दिवस वाढला?

सुरुवात खड्ड्यापासून

उन्हाळ्यात, रान मोकळं असताना, रानातल्या प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या पट्ट्यात एकेक खड्डा घ्या. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, आणि खोली मुरूम लागेपर्यंत किंवा मीटरभर. खोदायला अर्धा दिवस जातो. पण आयुष्यभर कसलेल्या जमिनीचं पोट आपण कधी बघितलेलं नसतं, आणि माझ्या मते शेतकऱ्यानं करायच्या सगळ्या चाचण्यांत ही सगळ्यात मोलाची आहे.

खड्ड्याची एक भिंत खुरप्यानं साफ करा आणि वरून खाली बघत या. पहिली गोष्ट खोली. मुरूम ३० सेंटिमीटरच्या आत लागला तर जमीन हलकी, ६० पर्यंत मध्यम, त्याच्या पुढे भारी. आपली माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची झालेली. माळावर तो खडक कुजून मुरूम झाला. त्यातली बारीक चिकणमाती हजारो वर्षं पावसानं खाली वाहत आली आणि ओढ्याकाठी साठली. म्हणून एकाच गटात वर वीतभर माती आणि खाली पुरुषभर काळी असते. मीटरभर खोल भारी काळी जमीन पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी पोटात धरते. माळाला त्याचा थोडकाच भाग धरता येतो. रब्बीत पेरणीनंतर पाऊस बहुधा येतच नाही, त्यामुळे खोली हीच तिथं विहीर.

दुसरी गोष्ट मुळं. मागच्या पिकाची मुळं कुठपर्यंत गेली आहेत? वीतभर खाली जाऊन ती एकदम आडवी वळलेली दिसली तर तिथं नांगराचा तवा बसलाय. दरवर्षी त्याच खोलीवर ओल्यात नांगर किंवा रोटाव्हेटर फिरला की खालचा थर दाबून घट्ट होतो. सुरी टोचून बघा, त्या थरात ती अडेल.

तिसरी गोष्ट पांढरे खडे. हरभऱ्याएवढे पांढरे गोटे दिसले तर चुनखडी. ती किती खोलीवर सुरू होते ते लिहून ठेवा, फळबागेला हा आकडा लागतो.

शेवटी खड्ड्याच्या तळात दोन घागरी पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला जा. पाणी तसंच उभं असेल तर त्या जागी डाळिंब लावू नका. हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय ते पुढे येईल.

ढेकूळ, बरणी आणि थेंबभर आम्ल

घरच्या घरी तीन गोष्टी करून बघता येतात.

काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, शक्यतो पावसाचं. त्यात सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ तसंच राहिलं तर मातीची घडण उत्तम. ढासळून तळाला ढीग झाला, पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे. असं रान पावसाच्या माऱ्यानं वरून लिंपल्यासारखं होतं आणि पाणी मुरत नाही. पण ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरत गेला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर सावध व्हा. सोडियम वाढलाय, जमीन चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी आणि वाळली की दगड होणारी, व्हायला लागलीय.

बरणीची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर कपड्याची पावडर, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवसांनी. वरचा चिकणमातीचा थर निम्म्याहून जास्त निघाला की जमीन भारी धरा.

चुनखडीसाठी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब मातीवर टाका, हात आणि डोळे सांभाळून. जोरात फेस आला तर चुना भरपूर आहे.

माती परीक्षणाचा नमुना आणि त्या कागदातल्या चार ओळी

नमुना चुकला की अहवाल चुकला. प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा. नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा, वरचा काडीकचरा बाजूला करा, इंग्रजी व्हीच्या आकाराचा २० ते २५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. सावलीत वाळवायची. बांध, उकिरडा, विहिरीची कड, झाडाखालची जागा टाळा. नुकतंच खत टाकलेल्या रानातला नमुना घेऊ नका. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजकं खुरपं आणि जस्ती बादली वापरू नका, त्यातलं लोह आणि जस्त मातीत उतरतं. फळबागेसाठी एक फूट, दोन फूट आणि तीन फूट अशा तीन थरांचे नमुने वेगळे द्या.

अहवाल आला की बहुतेक जण नत्र-स्फुरद-पालाश बघतात आणि घडी घालतात. मी आधी दुसऱ्याच चार ओळी बघतो.

सामू (पीएच): आपल्याकडे तो बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. साडेआठच्या वर गेला की काळजी. क्षारता: १ च्या आत असावी. सेंद्रिय कर्ब: ०.४० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, आणि आपल्या बऱ्याच जिरायती रानांत तो इथंच अडकलेला सापडतो. चौथी ओळ मुक्त चुना.

या चार ओळी बाकीच्या आकड्यांचा अर्थ लावतात. समजा लोह ४.५ पीपीएमच्या खाली किंवा जस्त ०.६ च्या खाली आहे. मातीत लोह नसतं असं नव्हे. बेसॉल्टच्या मातीत लोह ढिगानं असतं. चुना आणि जास्त सामू ते अशा रूपात बांधून ठेवतात की मुळाला उचलता येत नाही. त्यात पाणी साचलं की आणखी बिघडतं. मग कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असा केवडा दिसतो. अशा रानात फेरस सल्फेट उघडं मातीवर फेकलं तर ते आठवड्याभरात बांधलं जातं. शेणखतात मिसळून मुळाजवळ द्या, किंवा अर्धा टक्का फवारा. आणि पाणी कमी करा, कारण केवडा कित्येकदा वाफशावर आलं की आपोआप निम्मा जातो.

स्फुरदाचंही तेच. पसरून टाकलेलं सुपर फॉस्फेट चुन्याशी बांधलं जातं, बियाशेजारी ओळीत पेरलेलं लागू पडतं. युरिया वाळल्या रानावर फेकला तर जास्त सामूमुळे त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. पालाश आपल्या काळीत मुळात बरा असतो, म्हणून जिरायती ज्वारीला तो वेगळा द्यायची शिफारस नाही.

रोहिणी ते उत्तरा: पाऊस पोटात घालायचा काळ

रब्बीची तयारी सप्टेंबरात सुरू होते असं समजणं ही मोठी चूक. ती उन्हाळ्यातच सुरू होते. मोकळं रान दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरावं, उताराला आडवं. वाळलेल्यात. तवा असेल तर तो एप्रिल-मेच्या वाळल्या मातीतच फुटतो, ओल्यात नांगराचा फाळ त्यालाच आणखी दाबतो.

मृगाचा पहिला पाऊस पडला की जो वास सुटतो, तो मातीतल्या ॲक्टिनोमायसीट्स या सूक्ष्म जिवांच्या एका द्रव्याचा. त्याच वेळी जमिनीत आणखी एक गोष्ट होते. उन्हात तापून सुकलेल्या मातीला पाणी मिळताच जिवाणू एकदम जागे होतात आणि साठलेल्या सेंद्रिय पदार्थातून नत्र मोकळा करतात. हा फुकटचा नत्र तणांनी खाऊ नये आणि वाहून जाऊ नये, म्हणून खरिपात मोकळ्या ठेवलेल्या रानात तण दिसलं की कुळवाची पाळी द्यायची. जिथं जमीन खोल आहे आणि मृग बरा लागला, तिथं मूग किंवा उडीद घ्यावा. साठ-सत्तर दिवसांत निघतो आणि मुळांवरच्या गाठींचा फायदा ज्वारीला मिळतो. मध्यम जमिनीत मी हा मोह टाळतो, कारण तिथं ओल दोन पिकांना पुरत नाही.

जुलैत बंदिस्त वाफे करा. उतार बघून सहा ते दहा मीटर बाजूचे चौकोन आणि वीतभर उंचीचे वरंबे. सारा यंत्रानं किंवा ट्रॅक्टरच्या सारा पाडायच्या अवजारानं काम लवकर होतं. सप्टेंबरात एका रात्रीत जो धो-धो पाऊस येतो तो उतारावर थांबत नाही, वाफ्यात थांबतो आणि जागच्या जागी मुरतो. आमच्या मधल्या पट्ट्यात एवढ्या एका कामानं जो बदल झाला तो कुठल्याही खतानं झाला नव्हता.

पेरणी: दोन दिवस थांबायची हिंमत

उत्तरा संपत आली होती, मोठा पाऊस होऊन चौथा दिवस. शेजारच्या रानात पाभर सुरू झाली होती आणि माझा जीव वरखाली होत होता. चुलते आण्णा बांधावर आले. वाकून बोटभर खालची मूठभर माती उचलली, दाबली, गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. गोळा पडला तसाच चपटा झाला.

"आजून दोन दीस थांब."

"आण्णा, ओल उडंल की."

"वरली उडंल. खालची कुठं जात न्हाई. आत्ता घातलंस तर ढेकळं निघतील, ती काय संक्रांतीपत्तूर फुटायची न्हाईत."

दोन दिवसांनी तोच गोळा खाली पडून तीन-चार तुकड्यांत फुटला. तो वाफसा. गोळा वळतच नसेल तर ओल गेली. एवढी साधी चाचणी, पण हात बोटभर खाली घालूनच करायची. वरची माती नेहमी फसवते. काळीत ओल्यात औत घातलं की चिकणमातीचे कण लिंपले जातात, पोकळ्या बंद होतात, आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं पडतात. त्यांच्या फटींतून हवा आत शिरून ओल खेचून नेते.

पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार लवकर पेरलं तर खोडमाशी, उशीर झाला तर ओल उतरते. वाण खड्ड्यातल्या खोलीवरून ठरवा. हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, कारण ती लवकर येतात आणि ओल संपायच्या आत दाणा भरतात. मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी एम ३५-१. ही मालदांडी मोहोळच्याच संशोधन केंद्रातली निवड. खोल काळीला फुले वसुधा, आणि पाणी देण्याची सोय असेल तर फुले रेवती. हलक्या रानात मध्यम जमिनीचा वाण पेरणं हीच माळावरची आमची चूक होती.

बियाणं एकरी चार किलो. किलोला चार ग्रॅम बारीक गंधक चोळलं की काणी रोग येत नाही. त्यावर ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत प्रत्येकी २५ ग्रॅम. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५. दाट ठेवायचा मोह होतो, पण प्रत्येक जास्तीचं रोप हे त्याच विहिरीवरची जास्तीची मोटार आहे. विरळणी न चुकता करा.

खत दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाबरोबर, पण बियाला न चिकटता. मध्यम जमिनीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, म्हणजे एकरी साधारण ३५ किलो युरिया आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट. भारीला ६० आणि ३०, म्हणजे ५२ आणि ७५ किलो. जिरायतीत सगळं पेरतानाच द्यायचं. महिन्याभरानं वरून टाकलेला युरिया वाळल्या थरात पडून राहतो आणि मुळं तोपर्यंत दोन फूट खाली गेलेली असतात. मागच्या वर्षीची ज्वारीची धसकटं तशीच गाडली असतील तर लक्षात ठेवा: धसकटात कर्ब फार आणि नत्र थोडा. ती कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. धसकटं वेचा किंवा एप्रिल-मेमध्येच मातीआड करा, म्हणजे पेरणीपर्यंत कुजून जातील. एकाच रानात दरवर्षी ज्वारीऐवजी हरभऱ्याचा फेर दिला तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

तीन कोळपण्या

एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपल्याकडे म्हणतात. रब्बी ज्वारीत मी हे शब्दशः खरं मानतो.

आपल्या काळीतली चिकणमाती ओलीत फुगते आणि वाळताना आकसते. आकसली की भेग पडते. सुरुवातीला ती सुतासारखी असते, मग बोट जाईल एवढी, आणि जानेवारीत हात कोपरापर्यंत जाईल एवढी. भेग म्हणजे जमिनीच्या पोटाला पडलेली खिडकी. दोन-तीन फूट खालची ओलसुद्धा तिच्या भिंतींवरून उडून जाते, आणि वाटेतली मुळं तुटतात ती वेगळीच. तुम्ही भर दुपारी भेगेच्या तोंडाशी हात धरून बघा, आतून गारवा जाणवतो. तो गारवा म्हणजे पिकाच्या तोंडचं पाणी.

पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, फटीच्या कोळप्यानं. मधली फट रोपांच्या ओळीवरून जाते, दोन्ही बाजूंचं तण निघतं. दुसरी पाचव्या आठवड्यात, पासेच्या कोळप्यानं. या वेळी सुतासारख्या भेगा सुरू झालेल्या असतात. पास, म्हणजे त्याचं आडवं पातं, जमिनीच्या दीड-दोन इंच खालून सरकते आणि वरचा थर सुटा होऊन भेगांच्या तोंडात भरतो. तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्यानं. जमीन तेव्हा इतकी टणक असते की पास चालत नाही, दात घुसतात. लोक हीच तिसरी सोडून देतात, कारण रानात तण उरलेलं नसतं. पण ती तणासाठी नसतेच. ती मातीचं पांघरूण घालण्यासाठी असते, आणि त्यानंतरच्या महिन्यात दाणा भरायचा असतो.

पाचव्या आठवड्यानंतर तुरीच्या काट्या, भुसकट, जे मिळेल त्याचं आच्छादन हेक्टरी पाच टनांपर्यंत पसरता आलं तर उत्तम. सगळ्या रानाला जमत नसेल तर सगळ्यात हलक्या तुकड्यावर घाला.

एखाद्या पाण्याची सोय असेल तर ते पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्या. दोन असतील तर एक २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरं पोटरीत. भारी जमिनीत भेगा पडल्यावर मोकाट पाणी सोडू नका. पाणी भेगेतून खाली गडप होतं आणि वरचं रान कोरडंच राहतं. एकाआड एक सरीनं द्या.

दाण्याची प्रत शेवटच्या चाळीस दिवसांत ठरते. फुलोऱ्यानंतर ओल टिकली तर पीठ भरत राहतं आणि दाणा टपोरा, चकाकणारा होतो. ओल तुटली तर दाणा सुरकुततो, आणि त्याच ताणात खडखड्या रोग शिरतो: ताटाचा बुडखा आतून पोकळ, जरा वाऱ्यानं आडवा. कडब्याचीही प्रत जाते. उलट खरिपाच्या ज्वारीचा दाणा पावसात सापडून काळा पडतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे हेच गणित आहे: खोल काळी, पोटात ओल, आणि दाणा भरताना वर कोरडं, थंड, निरभ्र आभाळ. मळणीनंतर दाणा दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवा, मगच कणगीत घाला.

डाळिंब: जे ज्वारीचं वैगुण्य ते याचं बळ

आता उलटी बाजू. ज्या माळावर ज्वारी सुरकुतली, तोच माळ डाळिंबाला मानवला. आणि हे शिकायला आम्ही आधी काळीत एक एकर भगवा जातीचं डाळिंब लावून घालवलं. रोपं देणाऱ्यानं सांगितलं होतं, जमीन जितकी ताकदीची तितकं झाड जोमाचं. पहिली दोन वर्षं झाडं खरंच डोळ्यांत भरण्यासारखी होती. तिसऱ्या पावसाळ्यात एका झाडाची एक फांदी पिवळी पडली. मग ते झाड, मग ओळीत त्याच्या खालचं. खोड चिरून बघितलं तर आतून तपकिरी-काळी रेघ. मर रोग. काळीत पाणी आठ-आठ दिवस हलत नव्हतं, मुळं गुदमरत होती, आणि बुरशी पाण्याबरोबर पुढच्या झाडाकडे सरकत होती. आईनं त्या झाडांना पोरांसारखं जपलं होतं. ती उपटताना ती रानात आली नाही.

म्हणून दोन घागरींची चाचणी. निचरा नसेल तर लावूच नका. मध्यम निचऱ्याची जमीन असेल तर फूट-दीड फूट उंचीचे गादीवाफे करून त्यावर, ४.५ मीटर बाय ३ मीटरवर लावा. ठिबकच्या नळ्या खोडाला चिकटून नकोत. झाड वाढेल तशा बाहेर सरकवा, दोन्ही बाजूंना. खोडाजवळ सतत ओल म्हणजे मरीला आमंत्रण.

फुलं एकदम यावीत म्हणून बहारापूर्वी झाडांचं पाणी तोडतात; हा ताण किती दिवसांचा ते जमिनीवर ठरतं. हलक्या जमिनीला ३० ते ३५ दिवस पुरतात, भारीला ४० ते ४५ लागतात, कारण तिच्या पोटातलं पाणी लवकर संपत नाही. पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्या आणि मग हळूहळू वाढवा.

फळ तडकणं ही पाण्यातल्या चढउताराची खूण. माळावरची माती दोन दिवसांत सुकते, फळाची साल कडक होते. मग एकदम भरपूर पाणी किंवा अवकाळी सर आली की आतले दाणे फुगतात आणि साल फाटते. उपाय थोडं-थोडं आणि रोज पाणी, खाली उसाच्या पाचटाचं किंवा गवताचं जाड आच्छादन, आणि अहवालात बोरॉन कमी असेल तर त्याचा फवारा. कॅल्शियमचंही असंच: आपल्या मातीत ते मुबलक, पण फळापर्यंत ते पाण्याच्या प्रवाहातूनच जातं, आणि प्रवाह तुटला की साल कमकुवत राहते. तेल्या रोगाच्या दृष्टीनं पावसाळ्यातला मृग बहार जोखमीचा, हस्त बहार त्या मानानं बरा. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या दारात आहे. लागवडीआधी एकदा तिथं जाऊन या, तीन थरांचा अहवाल बरोबर घेऊन.

उसाखालची जमीन: पाचट आणि चोपण

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि पंढरपूर, माढा, मोहोळ, मंगळवेढ्याच्या कित्येक रानांत ऊस आला. त्या पाण्यानं घरं उभी केली हे खरंच आहे. पण भारी काळीत पाट पद्धतीनं वर्षानुवर्षं पाणी, चर नाही, निचरा नाही. मग खालचे क्षार केशाकर्षणानं वर आले. कडेला पांढरा थर फुलतो ती खारवट जमीन. चोपण वेगळी: वरून काळपट, ओलीत चिकट-लोण्यासारखी, वाळल्यावर दगड, आणि पाणी दिवसेंदिवस उभं. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि पोकळ्या बुजवतात. तिथं वाफसा येतच नाही. चिखलातून जमीन थेट टणक होते.

अशा उसाची प्रतही घसरते. खाऱ्या रानातल्या रसाचा गूळ खारट आणि नरम होतो. आणि तोडणीच्या तोंडावर उशिरा दिलेला युरिया ऊस हिरवा ठेवतो, रसातली साखर वाढू देत नाही. मोठी बांधणी झाली की नत्र थांबवा.

पाचट जाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघतं, आणि आपल्या रानाचा कर्ब ०.४० च्या पुढे न्यायला घरचं एवढं मोठं दुसरं साधन नाही. खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत पसरवा, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. चार महिन्यांत ते हाताला मऊ लागतं. खालची माती उकरली की गांडुळं दिसतात. त्यांची बिळं म्हणजे हवेचे आणि पाण्याचे रस्ते.

चोपण सुधारायचा क्रम मात्र चुकवू नका. आधी चर, मग जिप्सम. रानाच्या सगळ्यात खालच्या कडेनं तीन-चार फूट खोल उघडा चर काढा आणि त्याला ओढ्यापर्यंत वाट द्या. शेजारच्या चार जणांनी मिळून केला तर खर्चही वाटला जातो आणि पाणीही अडत नाही. चर नसताना टाकलेलं जिप्सम वाया जातं: जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतं, पण तो सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला वाट हवी. जिप्समचं प्रमाण प्रयोगशाळेकडून जमिनीच्या गरजेनुसार काढून घ्या. पावसाच्या आधी ते वरच्या वीतभर मातीत मिसळा. जमीन नुसती खारवट असेल, सामू साडेआठच्या आत असेल, तर जिप्समवर पैसे घालू नका. तिला चर आणि गोडं पाणी पुरतं.

पाऊस लागला की धैंचा, एकरी सोळा ते वीस किलो. चोपणीत टिकणारं हे मोजक्या पिकांपैकी एक. ४५ ते ५० दिवसांत, फुलं दिसायच्या सुमाराला, गाडून टाका. कुजताना निघणारी आम्लं मातीतला चुना थोडा-थोडा विरघळवतात आणि आणखी कॅल्शियम मोकळं होतं. पुढच्या एक-दोन वर्षांत उसाला घाई करू नका; बीट, गहू, चाऱ्याची पिकं अशा रानाला जास्त सोसतात.

आमच्या ओढ्याच्या कोपऱ्यातला दीड एकर असा गेला होता. चर काढून तीन पावसाळे झाले. दर मे महिन्यात मी त्याच जागचं सुपारीएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या साठवलेल्या पाण्यात सोडतो आणि खिडकीत ठेवतो. पहिल्या वर्षी ग्लासामागची खिडकीची जाळी दिसत नव्हती. या मे महिन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे चौकोन मोजता आले.